पिकअप घाटात ओढत नाही: इंजेक्टर आणि टर्बो बदलण्याआधी काय तपासायचं

विचारणारे देवगडचे बागायतदार आहेत. २०१८ ची बीएस-४ डिझेल पिकअप, सेकंडहँड घेतलेली. आंब्याच्या पेट्या भरून फोंडाघाटातून कोल्हापूरच्या मार्केटला येतात. सपाटीला गाडी बरी पळते. घाट लागला की दुसऱ्या गिअरलाही दमते, मागून काळा धूर निघतो आणि टेम्परेचरचा काटा वर सरकतो. सकाळी सेल्फ जड फिरतो. परतीला घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. गॅरेजने चारही इंजेक्टर (सिलेंडरात डिझेल फवारणारे) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा) बदलायला सांगितलंय. हंगाम तोंडावर आहे, हा खर्च करावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आत्ता करू नका. इंजेक्टर आणि टर्बो खराब असूही शकतात, पण तुम्ही जे सांगितलंय त्यात ते खराब असल्याचा एकही पुरावा नाही. काळा धूर बघून इंजेक्टर आणि ओढ नाही म्हणून टर्बो, ही सवय आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे आणि त्यात गाडीवाल्याचा अख्खा हंगाम जातो. आधी पैसे न लागणाऱ्या तपासण्या, मग काहीशे रुपयांच्या, आणि मोठा पार्ट अगदी शेवटी, तोही मोजमाप हातात आल्यावर. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन-तीन तरी एकाच मुळाच्या असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून क्रमाने जाऊया.

पहिली तपासणी इंजिनाची नाही, चाकांची. गाडी ओढत नाही म्हटलं की सगळे बॉनेट उघडतात. पण तुमची गाडी ब्रेक दाबल्यावर डावीकडे जाते, म्हणजे दोन शक्यता आहेत. एक तर उजवं पुढचं चाक ब्रेक नीट धरत नाही, नाही तर डावं चाक ब्रेक सोडतच नाही. दुसरी गोष्ट खरी असेल तर तुमचं इंजिन पेट्यांच्या वजनाबरोबर आवळलेला ब्रेकही ओढत घाट चढतंय. मग ओढ कमी, डिझेल जास्त, धूर जास्त, गरमी जास्त.

बघायचं कसं? मोकळ्या सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी मारा. थांबताना गाडी आपोआप मंदावू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, भाजेल. चारपैकी एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम लागलं तर चोर सापडला. हल्ली टेम्परेचरची गन स्वस्तात मिळते, ती असेल तर आकडाच दिसतो. मग मागच्या चाकांना दगड लावा, ते चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या आणि हाताने फिरवा. जड फिरत असेल तर त्या कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा बोल्ट, जरा ढिला करा. थोडं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर ठीक आहे. प्रेशर आत अडकून बसतंय, म्हणजे बहुधा रबरी ब्रेक होज आतून फुगलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं आणि मागे यायला वाट मिळत नाही. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन नाही तर गाइड पिन जाम आहे. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत पिन जाम होणं अगदी रोजचं. रबरी बूट फाटतो, खारी हवा आत शिरते, गंज धरतो. पिना काढून, घासून, ब्रेकचंच ग्रीस लावून नवे बूट बसवले की काम होतं. चेसिसचं साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

सगळी चाकं सारखीच थंड-गरम निघाली तर दोष उजव्या चाकाकडे. तिथला पिस्टन किंवा पिन जाम, पॅडवर ग्रीस किंवा ऑइल, नाही तर उजव्या बाजूचा होज बंद. दोन्ही बाजूंचे पॅड काढून शेजारी ठेवा. एक झिजलेला आणि दुसरा जवळजवळ नवा, असं दिसलं की नवा दिसणारा पॅड कामच करत नव्हता.

दुसरी तपासणी क्लचची, पाच मिनिटांची. घाटात गाडी दमते तेव्हा इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, की आवाजही पडतो आणि वेगही पडतो? हा फरक कान देऊन ऐका. आवाज वाढून वेग तिथेच, आणि जोडीला जळका वास, असं असेल तर क्लच प्लेट सरकतेय आणि इंजिन निर्दोष आहे. खात्री करायची तर सपाट जागेवर, समोर मोकळं ठेवून, हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक धरा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. फिरतच राहिलं तर प्लेट गेली. ही चाचणी वारंवार करू नका.

आता इंजिन. इथे एक फरक ध्यानात ठेवलात तर निम्मं काम होतं. ओढ नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे डिझेल मिळतंय पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही. ओढ नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच कमी पडतंय. तेव्हा डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, सक्शनची लाइन बघायची. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ निघून थांबला तर न जळलेलं डिझेल, गरम गाडीतही येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर पाणी आत जातंय. तुमचा धूर काळा आहे, आणि तोही लोडवर. म्हणून शोध हवेच्या वाटेवर घ्यायचा, एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंत.

एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. कोकणातली जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते, फिल्टरच्या घड्यांत ती पिठासारखी बसते. कॉम्प्रेसरने हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून आणि कमी प्रेशरने. जवळून मारलेल्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि मग ती धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. शंका असेल तर नवाच टाका. त्याच्या मागचा पाइप, डब्याची क्लिप, आत उंदराने केलेलं घरटं, हेही बघा. बागेत गाडी उभी राहत असेल तर उंदीर ही खरी अडचण आहे.

त्यानंतर टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन असे दोन जाड रबरी होज. माझा पहिला संशय इथेच आहे. या होजला जी चीर पडते ती बहुतेकदा खालच्या अंगाला किंवा क्लिपच्या अगदी कडेला असते. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. घाटात टर्बोचं प्रेशर वाढलं की ती उघडते, हवा फुस्स करून बाहेर जाते, आणि आत डिझेल तेवढंच पडत राहतं. म्हणून सपाटीला गाडी बरी आणि चढावर काळा धूर. शोधायची खूण अशी: इंजिन थंड असताना होजच्या खालच्या बाजूने बोटं फिरवत जा. टर्बोतून थोडी ऑइलची वाफ नेहमीच येते, तेवढी चालते. जिथून हवा निसटते तिथे ती ऑइलची ओल बाहेर येते आणि तिच्यावर लाल धूळ चिकटून काळपट, चिकट डाग होतो. बोटाला तो लागला की होज तिथे वाकवून बघा, चीर तोंड उघडेल. डाग सापडला नाही तर होजचं एक टोक बुचाने बंद करून एक बारच्या आतली हवा सोडायची आणि साबणाचं पाणी मारायचं. इंटरकूलरचे प्लॅस्टिक टँक जिथे जाळीला जोडलेले असतात तिथेही साबण मारा. नवा होज टाकताना क्लिपही चांगली टाका. तारेने बांधलेला होज घाटातच सुटतो.

ईजीआर व्हॉल्व्ह ही पुढची जागा. जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला, तर स्वच्छ हवेची जागा धूर घेतो. काढून साफ करता येतो. पत्रा लावून कायमचा बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे आणि बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर दोष पकडून ताकदच कमी करतो. टर्बोच्या अॅक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही बघा, उष्णतेने ती कडक होऊन टोकाला तडकते. काही रुपयांच्या नळीपायी हजारोंचा टर्बो बदलला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एवढं झाल्यावर स्कॅनर लावायचा, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीला नाही. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर इंजिनावर लोड नसतो, टर्बो नीट प्रेशर बनवतच नाही, त्यामुळे ते आकडे बघून टर्बोला नापास करणं चूक आहे. मेकॅनिकला शेजारी बसवा, गाडीत माल असू द्या आणि चढावर तिसऱ्या गिअरला जोर देऊन दोन गोष्टी वाचा: मॅनिफोल्डचं प्रेशर आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपातला दाब. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅनिफोल्डचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. देवगडला किनाऱ्यावर साधारण १०० किलोपास्कल, कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे ९५ च्या आसपास. हा आकडाच चुकीचा असेल तर सेन्सर काजळलाय किंवा गेलाय. लोडवर तो दीडपट-दुपटीच्या दिशेने चढायला हवा. १२०-१३० वर रेंगाळत असेल तर हवा गळतेय किंवा टर्बो काम करत नाही. रेल प्रेशरचे दोन आकडे दिसतात, कॉम्प्युटरने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं. जोर देताना प्रत्यक्ष आकडा बराच मागे पडत असेल तर डिझेल कमी मिळतंय: आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल.

टर्बो खराब आहे की नाही हे हातानेही कळतं. इंजिन बंद आणि थंड असताना हवेच्या बाजूचा पाइप काढा आणि मधला दांडा धरा. आडवा किंचित हललेला चालतो. आत-बाहेर हलता कामा नये. पात्यांच्या कडा बॉडीला घासल्याच्या खुणा असतील किंवा पाइपमध्ये ऑइल साचलं असेल, तर मात्र टर्बोचं काम निघालं.

इंजेक्टरसाठी लीक-ऑफ टेस्ट मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि ठरावीक वेळ इंजिन चालवतात. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो एक इंजेक्टर झिजलाय. एकासाठी चार बदलायची गरज नसते, बेंचवर तपासून तेवढाच दुरुस्त होतो. बदललाच तर बहुतेक कॉमन रेल गाड्यांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने कॉम्प्युटरला द्यावा लागतो. हे न करता गाडी हातात दिली तर धूर आणि खडखड दोन्ही राहतात.

इथे एक सक्त ताकीद. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा नट ढिला करून कुठला सिलेंडर मेला ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये हे कधीही, कुणालाही करू देऊ नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब जातो. डिझेलची केसाएवढी धार कातडी फोडून आत शिरते, बाहेर सुईच्या टोकाएवढीच खूण दिसते, आणि तातडीने ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात काढावा लागतो. डिझेलची गळती शोधायला कधीही हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

गाडी गरम होण्याचं बघू. काटा कधी चढतो यावरून बरंच कळतं. सावकाश चढावर चढतो आणि सपाटीला वेग घेतल्यावर उतरतो, म्हणजे रेडिएटरला वारा मिळत नाही: फॅन किंवा बाहेरून तुंबलेली जाळी. सपाटीला वेगात असतानाही चढतो, म्हणजे पाणी फिरत नाही: आतून तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (गरमीनुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), झिजलेला वॉटर पंप. थंड गाडी सुरू करताच काही मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि टाकीत सतत बुडबुडे येतात, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं.

व्हिस्कस फॅन (आतल्या घट्ट ऑइलने पकड घेणारा) असेल तर इंजिन बंद करून हाताने फिरवा. थंड असताना थोडा अडखळत फिरावा, गाडी गरम करून बंद केल्यावर जास्त जड लागावा. पंख्यासारखा गरागरा फिरत राहिला किंवा मधल्या गोल डब्याभोवती तेलकट ओल दिसली, तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. चालू इंजिनात तिथे हात, दुपट्टा, चिंधी काहीही नेऊ नका. ज्या गाड्यांत इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे आहे, त्यांत दोघांच्या फटीत गवत, किडे, चिखल यांचा थर बसतो आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च मारून फटीत बघा. धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने जाळीची पाती आडवी होतात आणि वारा कायमचा बंद होतो.

रेडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून कुणी बघत नाही. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. सुमारे एक बारच्या झाकणाने दाब धरला तर तेच १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की वीस अंशांची ती सवलत गेली, आणि घाटात नेमकी तीच लागते. आठ वर्षं जुनं झाकण असेल तर विचार न करता बदला, त्यावर लिहिलेल्या दाबाचंच घ्या. आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरत असाल तर ते आजच थांबवा. क्षार आत थरावर थर चढवतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळतं ते. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, असं सांगणारे भेटतील. तसं करू नका. इंजिन योग्य गरमीला पोचत नाही, कॉम्प्युटर जास्त डिझेल देतो, सिलेंडर लवकर झिजतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

घाटात चालवण्याबद्दलही सांगतो, कारण यात फक्त गाडीचा दोष नसतो. तिसऱ्या गिअरला इंजिन घुसमटत ठेवून चढवू नका. वॉटर पंप आणि फॅन दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. दुसरा टाकून दोन-अडीच हजार फेऱ्यांवर मोकळं चढू द्या, वेग कमी दिसेल पण काटा खाली राहील. तरीही काटा लालकडे गेला तर सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन थोड्या रेसवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, पाणी फिरून काटा उतरतो. वाफ, गळती किंवा बेल्ट तुटलेला असेल तर लगेच बंद. झाकणाला अर्धा तास तरी हात नाही, आणि गरम इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जातो.

होज गळत असेल तर गरमीही त्याच्यामुळेच वाढलेली असू शकते. कमी हवेत जळणारं जास्तीचं डिझेल उष्णता वाढवतं आणि तुम्ही ओढ मिळवायला पाय अजून दाबता. म्हणून होज आणि ब्रेक नीट झाल्यावर एक फेरी मारून काटा पुन्हा बघा. मगच रेडिएटर खोलायचा की नाही ते ठरवा.

सकाळी सेल्फ जड फिरतो, ही तक्रार बहुधा बाकीच्यांपासून वेगळी आहे, आणि देवगडच्या हवेत तिचं उत्तर बऱ्याचदा बॅटरीत नसून अर्थिंगमध्ये असतं. पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, आयुष्यभर उपयोगी पडेल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जायला नको. आता मुख्य चाचणी: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरी पिन इंजिन ब्लॉकच्या घासून चकचकीत केलेल्या जागी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर वाट मोकळी आहे. अर्धा, एक व्होल्ट दिसला तर तेवढी ताकद गंजलेल्या जोडात वाया जातेय. मग इंजिन ते चेसिस जाणारी जाळीची अर्थिंग पट्टी शोधा. बोल्ट खोलला की खाली हिरवट-पांढरा थर दिसेल. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. पॉझिटिव्हची केबलही अशीच, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळत असेल तर अल्टरनेटर ठीक आहे. हे सगळं चांगलं निघूनही सेल्फ जड असेल, तर बॅटरीची लोड टेस्ट आणि मग सेल्फचे कार्बन-बुश.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी वेळ लावते, असं असतं तर रस्ता वेगळा होता: रात्री डिझेल मागे उतरतं, लाइन हवा धरते. तेव्हा सुरू करण्याआधी हँड प्राइमर कडक होईपर्यंत दाबायचा. लगेच सुरू झाली तर फिल्टरचं सील किंवा सक्शन पाइपचा जोड हवा घेतोय. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट महिन्यातून एकदा सोडून पाणी काढा, पावसाळ्यात जास्त वेळा.

उताराचे ब्रेक. पुढच्या चाकाचं वर सांगितलं, पण तिथेच थांबू नका, कारण ब्रेकच्या बाबतीत चालढकल मला मान्य नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १४० पर्यंत घसरतो. डॉट-४ चं २३० वरून १५५ पर्यंत येतं. लांब उतारावर ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. कोकणातल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलाच. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर दोष लायनर तापण्याचा किंवा ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूमचा. उतारावर गिअर काढून गाडी सोडायची नाही. ज्या गिअरने चढली असती त्याच गिअरने उतरवायची.

मागचे ड्रम उघडायला लावा. लायनर ओले असतील तर वास घ्या: उग्र, गंधकासारखा वास आला तर ते डिफरन्शियलचं ऑइल आहे आणि अॅक्सलचं सील गेलंय. नवं सील टाकण्याआधी मागच्या हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर (आतली हवा सोडणारं तोंड) चिखलाने बंद आहे का ते बघा. तो बंद असेल तर आत दाब साठतो आणि नवं सीलही तेल फेकतं.

आणि एक प्रश्न तुम्हालाच: मागच्या कमानपाट्यांत जादा पाटा टाकलाय का? सेकंडहँड पिकअपमध्ये आधीच्या मालकाने टाकलेला असतोच बऱ्याचदा. अनेक पिकअपच्या मागच्या अॅक्सलला एक दांडी जोडलेली असते, ती वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. माल भरल्यावर बॉडी खाली बसते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जादा पाटा टाकला की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात. सगळा भार पुढच्या डिस्कवर, तेही उतारावर. पाटा असेल तर काढा किंवा कंपनीच्या मापाप्रमाणे व्हॉल्व्ह सेट करून घ्या. दांडी तारेने बांधून ठेवलेली असेल तर तिला आधी मोकळं करा. आणि आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या वर पेट्या चढवू नका. हंगामात मोह होतो, पण वर लिहिलेला जवळजवळ प्रत्येक दोष जादा वजनाने लवकर येतो.

ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ पिकअप आहे त्यांना काळा धूर सहसा दिसणार नाही, कारण तो सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, अडकतो. डीपीएफ असलेल्या गाडीत होज फाटला तर धुराऐवजी डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. तेव्हा नुसता डीपीएफ साफ करून उपयोग नाही, हवेची वाट वरच्याच पद्धतीने तपासायची. इंजिन ऑइलही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लो-अॅश (कमी राख सोडणाऱ्या) दर्जाचंच घालायचं.

तुम्ही या आठवड्यात असं करा: एका सकाळी घरीच चाकांची गरमी, एअर फिल्टर, होजच्या खालची बाजू, फॅन आणि अर्थिंगचे व्होल्ट बघा. सगळ्याला मिळून दोन-तीन तास लागतील. ब्रेकचं काम मात्र माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्या आणि ते सर्वांत आधी. मग माल भरून स्कॅनरसह एक चढ. गॅरेज तरीही इंजेक्टर-टर्बोवर अडून बसलं तर लीक-ऑफच्या चार बाटल्या समोर भरून दाखवायला सांगा आणि टर्बोचा दांडा स्वतः हलवून बघा. काढलेले जुने पार्ट परत मागा. चढावरचं मॅनिफोल्ड प्रेशर, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, आणि सेल्फ मारतानाचे व्होल्ट, एवढे आकडे लिहून मला कळवा. पुढचं काय करायचं ते त्यावरून सांगतो.